संचित रजा

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘फर्लो’ हा शब्द तुरुंगाच्या बातम्यांतून ठाऊक असतो. येरवड्याचा अमुक कैदी फर्लोवर बाहेर आला, तमुक फर्लो संपली तरी परतलाच नाही, असं आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. मुंबई राज्याने १९५९ साली फर्लो आणि पॅरोलचे नियम केले, आणि सरकारी मराठीने फर्लोला नाव दिलं ‘संचित रजा’. शिक्षा भोगता भोगता नीट वागल्याचं जे पुण्य गाठीला साठतं, त्याच्यावर मिळणारी रजा, म्हणून संचित. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी शब्द हाच ठेवला, फक्त त्याचं तोंड फिरवलं. कैद्याला फर्लो मिळाली की तो घरी जातो आणि घरचे ओवाळायला येतात. वैमानिकाला फर्लो मिळाली की तोही घरीच जातो, पण घरचे हप्त्यांचा हिशेब करायला बसतात. कैद्याला परतायची तारीख लिहून दिलेली असते, वैमानिकाला नसते. कैदी परत येईल की नाही याची धाकधूक असते म्हणून त्याच्याकडून हमी घेतात. वैमानिकाकडून काही घ्यावं लागत नाही, तो वर्षानुवर्षं फोन उशाशी घेऊन झोपतो. फर्लो म्हणजे नोकरीवरून काढणं नव्हे, असं कंपन्या आवर्जून सांगतात. पगार बंद, काम बंद, विमान बंद; नाव मात्र यादीत. या यादीतल्या नावाला अमेरिकी वैमानिक जितका जपतो तितका तो पंखांचा बिल्लाही जपत नाही, आणि त्याचं ते जपणं हास्यास्पद दिसलं तरी अगदी शहाणपणाचं आहे, एवढंच या लेखाचं म्हणणं.

विमान चालवणाऱ्याचं आपल्या मनातलं चित्र ठरलेलं आहे: खांद्यावर चार सोनेरी पट्टे, मागे चाकांची बॅग, चेहऱ्यावर ढगांच्याही वरच्या माणसाची शांती. चित्र खोटं नाही, पण ते थोड्याच वेळाचं आहे. अमेरिकी नियमांप्रमाणे प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. वर्षाचे तास ८,७६०. उरलेल्या पावणेआठ हजार तासांत तो झोपतो, हॉटेलातल्या थंड सँडविचकडे बघतो, आणि रांगेत उभा असतो. ही रांग म्हणजे सेवाज्येष्ठता यादी. कंपनीत रुजू होण्याच्या दिवशी त्याला एक नंबर मिळतो, आणि पुढे जे जे होतं ते त्या नंबराने होतं. कोणत्या शहरातून उडायचं, छोटं विमान की मोठं, उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत, म्हणजे फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन, कधी व्हायचं, महिन्याच्या कोणत्या फेऱ्या घ्यायच्या, नाताळला घरी असायचं की अँकरेजच्या बर्फात, हे सगळं नंबर ठरवतो. दर महिन्याला सगळे आपापल्या पसंतीची मागणी नोंदवतात. संगणक यादीच्या वरच्या टोकापासून वाटप सुरू करतो आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत शनिवार-रविवार संपलेले असतात.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपण पंगतीत वाढलो. आधी आलेला आधी बसतो, वाढपी एका टोकापासून निघतो, आणि श्रीखंड संपायचं असेल तर ते नेमकं दुसऱ्या टोकाला पोचता पोचता संपतं. शेवटच्या पाटावरच्या माणसाची लायकी कमी असते असं नाही. तो उशिरा आला, एवढंच. वैमानिकांच्या पंगतीतल्या शेवटच्या पाटाला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. ज्याच्या नंबराला महिन्याचं वेळापत्रक मिळत नाही, त्याने गणवेश इस्त्री करून ठेवायचा आणि कोणी आजारी पडलं की धावायचं. गिरणगावात यालाच बदली कामगार म्हणत. सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर परत. रिझर्व्हवाल्याला निदान किमान पगाराची हमी असते. बदलीवाल्याला नुसतीच सकाळची हवा मिळे. साम्य इथे संपत नाही. नोकरीचं शहर एक आणि बिऱ्हाड दुसऱ्याच राज्यात, अशी पुष्कळांची स्थिती असल्यामुळे विमानतळाजवळ दहा-वीस जणांत मिळून एक घर भाड्याने घेतात. त्यात दुमजली खाटा, एक फ्रिज, आणि फ्रिजमधल्या प्रत्येक दुधाच्या बाटलीवर मालकाचं नाव. ज्याची पाळी संपली तो झोपतो, जो उठला तो जातो, गादी गरमच राहते. लालबाग-परळच्या गाळ्यांत तीन पाळ्यांचे कामगार असेच एका वळकटीवर झोपत. फरक असा की या घराला अमेरिकी वैमानिकांनी ‘क्रॅश पॅड’ असं नाव दिलं आहे. विमान चालवणाऱ्यांनी आपल्या निजायच्या जागेला ‘क्रॅश’ म्हणावं, यावरून त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे हे कळतं.

आता यातली खरी मेख. आपल्या शास्त्रांप्रमाणे आत्म्याचं संचित पुढच्या जन्मीही बरोबर येतं. वैमानिकाचं संचित दुसऱ्या कंपनीतही येत नाही. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस उद्या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीत गेला, तर तो तिथे त्या आठवड्यात भरती झालेल्या पोरांच्या रांगेत उभा राहतो. उजव्या खुर्चीत, रिझर्व्हवर, शेवटच्या पाटावर. बँकेचा मॅनेजर दुसऱ्या बँकेत गेला म्हणून त्याला पासबुकं छापायला बसवत नाहीत. विमान कंपनीत बसवतात. त्यामुळे इतरांना जो नोकरीबदल असतो तो वैमानिकाला पुनर्जन्म असतो, आणि पुनर्जन्माचा निर्णय माणूस सहजासहजी घेत नाही. तो आधी कुंडली मांडतो. या कुंडलीत ग्रह नसतात, इतरांचे वाढदिवस असतात. अमेरिकेत वैमानिकाला ६५व्या वर्षी खाली उतरावं लागतं, म्हणून नोकरी शोधणारा तरुण आधी हे बघतो की अमुक कंपनीत येत्या दहा वर्षांत किती जण पासष्टीचे होणार. अनोळखी माणसांच्या जन्मतारखा इतक्या आस्थेने मोजणारी दुसरी जमात आयुर्विम्यातच सापडेल. एका कंपनीत म्हातारे जास्त, पण घरापासून तीन हजार किलोमीटर. दुसरीत घर जवळ, पण सगळे चाळिशीतले, म्हणजे पुढची वीस वर्षं पुढचा पाट हलायचा नाही. आकडे मांडता मांडता माणूस निष्कर्षाला येतो, आणि त्याच सुमारास सरकार नियम बदलतं.

सरकारने तो खरंच बदलला. निवृत्तीचं वय ६० असा नियम अमेरिकेच्या विमान प्रशासनाने १९५९ सालीच केला होता, मुंबई राज्याने कैद्यांच्या फर्लोचे नियम केले त्याच वर्षी. जवळजवळ अर्धं शतक साठीला हात धुवून उठायचं असं ठरलेलं होतं. १३ डिसेंबर २००७ रोजी कायद्यावर सही झाली आणि साठीची पासष्टी झाली. पंगतीतली पहिली रांग आता उठणार, पाटांची सरकासरकी होणार, म्हणून मागचे धोतर सावरून बसले होते, आणि यजमानाने पुढच्या रांगेला सांगितलं, बसा हो, अजून जिलबी यायची आहे. ज्येष्ठांना पाच वर्षं वाढून मिळाली ती आभाळातून पडली नव्हती. ती धाकट्यांच्या पानातून उचललेली होती. वर्षभरात मंदी आली. २००१च्या ११ सप्टेंबरनंतर हजारो वैमानिक आधीच घरी गेले होते, काही परतले होते, काही दुसऱ्यांदा घरी गेले. त्या दशकाला अमेरिकी वैमानिक ‘हरवलेलं दशक’ म्हणतात. वय ६७ करायचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुन्हा वर आला तेव्हा वैमानिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनेच त्याला विरोध केला. कारणं वैद्यकीय आणि आंतरराष्ट्रीय नियमांची दिली, ती खरीही होती. पण जिलबीची आठवणही ताजी असणार.

म्हाताऱ्यांची गणती करूनही कंपनी निवडण्याचा प्रश्न उरतोच, आणि तिथे इतिहास फार निर्दयपणे विनोदी आहे. १९७०च्या दशकात एखाद्या तरुण वैमानिकाला पॅन अ‍ॅम मिळाली तर गल्लीत पेढे वाटावेत अशी ती नोकरी. ब्रॅनिफची विमानं रंगीबेरंगी, टीडब्ल्यूएचा रुबाब वेगळा. त्याच काळात मेम्फिसहून एक कंपनी रात्रीची पार्सलं वाहू लागली. १७ एप्रिल १९७३च्या रात्री तिने १४ छोट्या विमानांतून १८६ पार्सलं नेली. परदेशी राजधान्यांची नावं सोडून खोक्यांच्या सोबतीला जाणाऱ्याकडे घरच्यांनी कसं पाहिलं असेल, याची कल्पना करता येते. आपल्याकडे सरकारी बँक सोडून कुरिअरमध्ये गेलेल्या जावयाकडे जसं पाहतील तसंच. ब्रॅनिफ १२ मे १९८२ला बंद पडली. पॅन अ‍ॅमने ४ डिसेंबर १९९१ला शेवटचं उड्डाण केलं. टीडब्ल्यूए २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने घेतली, आणि तिच्या बहुतेक वैमानिकांची पानं पंगतीच्या तळाशी मांडली गेली. त्याच वर्षी ११ सप्टेंबर उजाडला आणि तळापासून माणसं उठवायला सुरुवात झाली. खोकीवाली कंपनी म्हणजे फेडेक्स. तिचे वैमानिक जगातल्या सर्वांत चांगला पगार घेणाऱ्यांत जाऊन बसले. तेव्हा धडा असा की खोकी वाहा? तसंही नाही. २०२३ मध्ये मालवाहतूक मंदावली आणि याच फेडेक्सने आपल्या वैमानिकांना सुचवलं की पीएसए नावाच्या छोट्या प्रादेशिक कंपनीत जागा आहेत, हवं तर विचार करा. ज्या पायरीवरून वर चढायला उमेदीची वर्षं घातली, तीच पायरी पन्नाशीत पुन्हा दाखवणं याला काळजी म्हणायचं की कोपरखळी, हे ज्याने त्याने ठरवावं.

कंपनी बंद पडली तर निदान सुतक संपतं. दोन कंपन्यांचं लग्न लागलं तर ते संपत नाही. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. पहिलीचे वैमानिक जुने, पण कंपनी आकसत गेलेली आणि पुष्कळजण फर्लोवर. दुसरीचे तरुण, पण कंपनी वाढती. आता एकच यादी करायची. जुने म्हणाले, रुजू झाल्याच्या तारखेने लावा. तरुण म्हणाले, तुमची पंगत उठायला आली होती, आमच्या मांडवात आलात म्हणून पान मिळालं, तेव्हा अक्कल शिकवू नका. लवाद नेमला. जॉर्ज निकोलाऊ या लवादाने मे २००७ मध्ये जो निवाडा दिला, त्यात फर्लोवर असलेल्यांची जुनी वर्षं फारशी धरली नाहीत. घरी बसलेले जुने वैमानिक कालपरवा लागलेल्या पोरांच्या खाली गेले. जुन्यांची संख्या जास्त होती. त्यांनी २००८ मध्ये संघटनाच बदलली, निवाडा मानायचं नाकारलं, आणि एकाच रंगाच्या विमानांची, एकाच नावाची ही कंपनी वर्षानुवर्षं दोन वैमानिकवर्गांनी चालवली. जुन्या यूएस एअरवेजचा कॅप्टन आणि अमेरिका वेस्टचा फर्स्ट ऑफिसर एका कॉकपिटमध्ये बसायचे नाहीत. दरम्यान २०१३ मध्ये कंपनीचं अमेरिकन एअरलाइन्सशी दुसरं लग्नही झालं. यादी एक झाली ती २०१६ मध्ये. एका मांडवात अकरा वर्षं दोन पंगती बसल्याचं हे उदाहरण आपल्या भाऊबंदकीलाही लाजवील. बांधाच्या वितीसाठी तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या शेतकऱ्याला हे वैमानिक चटकन समजतील. नंबर हीच त्यांची जमीन.

या भांडणाच्या मध्यावरच १५ जानेवारी २००९ हा दिवस येतो. यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या थव्याने निकामी केली आणि ते न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलं गेलं. १५५ माणसं होती, सगळी वाचली. डाव्या खुर्चीतल्या चेस्ली सलनबर्गरचं नाव जगाला कळलं. उजव्या खुर्चीत जेफ्री स्काइल्स होते. त्यांचा अनुभव १५ हजार तासांहून जास्त, म्हणजे कॅप्टनाच्या तोडीचा, आणि ते पूर्वी कॅप्टन होतेही. कंपनी लहान झाली, यादी खाली घसरली, आणि ते पुन्हा उजव्या खुर्चीत आले. त्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण त्यांनी नुकतंच संपवलं होतं. फर्लोची दुसरी बाजू ही. तळाचा माणूस घरी जातो, पण वरचेही जागच्या जागी राहत नाहीत. मोठी विमानं उभी राहिली की त्यांचे कॅप्टन मधल्या विमानांवर येतात, मधले लहानांवर, लहानांचे कॅप्टन उजव्या खुर्चीत, आणि प्रत्येकाला नव्या विमानाचं प्रशिक्षण द्यावं लागतं. थोडी माणसं कमी करायला पुष्कळ माणसांना शाळेत पाठवणारा हा उद्योग आहे. महिन्याभराने सलनबर्गर प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे गेले. देश हार घेऊन उभा होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की आपला पगार ४० टक्के कापला गेला आहे आणि पेन्शन गेलं आहे. आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर काय करायचं याची छापील यादी कॉकपिटमध्ये असते. पेन्शन बंद पडल्यावर काय करायचं, याचं पान त्यात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुणवत्तेचा. रांगेत कोण आधी आला हे बघून कॅप्टन करायचं म्हणजे शुद्ध सरकारी खातं. हुशाराला वर आणा की! ऐकायला बरं वाटतं. पण वैमानिकाची हुशारी मोजायची कशाने? ज्याच्याबद्दल पस्तीस वर्षांत एकही बातमी आली नाही तो उत्तम वैमानिक. इंधन वाचवण्यावर बढती ठेवली तर तो जादा इंधन मागायला कचरेल. वेळेवर पोचण्यावर ठेवली तर वादळ बघूनही निघेल. साहेबाच्या मर्जीवर ठेवली तर ‘आज विमान नेत नाही’ हे वाक्य त्याच्या घशात अडकेल, आणि प्रवाशाच्या दृष्टीने कॅप्टनाचं सर्वांत मौल्यवान वाक्य तेच आहे. अमेरिकी वैमानिकांची संघटना १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने, मालकांना सुगावा लागू नये म्हणून गुपचूप उभी राहिली, ती हवा वाईट असतानाही उडायला लावणाऱ्या दिवसांत. नंबर आंधळा असतो हे खरं. आंधळा असल्यामुळेच तो भाचा ओळखत नाही, जात ओळखत नाही, आणि बंगल्यावर आंब्याची पेटी कोणी पोचवली हेही त्याला दिसत नाही. शिवाय उडायची लायकी रांग ठरवतच नाही; ती ठरावीक काळाने पुन्हापुन्हा होणाऱ्या परीक्षा ठरवतात, आणि तिथे नापास झालेला पहिल्या नंबराचा असला तरी खाली उतरतो. हडसनवरच्या त्या कॉकपिटमध्ये आंधळ्या यादीने कॅप्टनाच्या तोडीची दोन माणसं शेजारी बसवली होती. गुणवत्तेचा कोणता तक्ता याहून बरी जोडी लावणार होता?

दुसरा आक्षेप: मग नंबर बरोबर नेऊ द्या, सगळ्या कंपन्यांची एकच राष्ट्रीय यादी करा. ही कल्पना अमेरिकी वैमानिकांत पुनःपुन्हा निघते आणि पुनःपुन्हा बारगळते, कारण तिला मत कोणी द्यायचं? पुढच्या रांगेतल्यांनी, शेजारच्या मांडवातल्या अनोळखी पाहुण्याला आपल्या पुढे बसवायला. तरीही नंबर नसलेलं जग कसं असतं ते बघायला फार लांब जायला नको. भारतात तयार कॅप्टनाला दुसरी कंपनी थेट कॅप्टन म्हणून घेते. संचित पुष्कळसं बरोबर जातं. परिणाम असा की त्याला धरून ठेवायला कंपनीकडे पाट नाही, म्हणून दावं लागतं. २०१७ पासून आपल्या नागरी विमान महासंचालनालयाच्या नियमाने कॅप्टनाला राजीनाम्यानंतर वर्षभर आणि सहवैमानिकाला सहा महिने थांबावं लागतं. राजीनामा दिल्यावर वर्षभर त्याच घरात राहायचं म्हणजे घटस्फोट मंजूर, पण डबा मात्र अजून एक वर्ष तिनेच करायचा. आणि पडझड झाली की आपल्याकडे यादीही नसते. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. मेम्फिसच्या त्या पहिल्या रात्रीचीच तारीख. ज्यांना वेळेत दुसरीकडे जागा मिळाली ते सुटले. उरलेल्यांच्या थकलेल्या पगारासाठी आणि कर्ज काढून केलेल्या प्रशिक्षणासाठी कोणी पान राखून ठेवलं नव्हतं. मग पॅन अ‍ॅमच्या यादीचं तरी काय झालं, असं कोणी विचारील. बरोबर आहे. कंपनीच गेली तर नंबर म्हणजे रद्द झालेल्या गाडीचं कन्फर्म तिकीट. संचित प्रलयापर्यंतच पुरतं, त्यापुढची हमी शास्त्रांनीही दिलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत मराठी: एवढे लठ्ठ पगार, त्यांचं काय रडगाणं? रडगाणं नकोच, पण पगाराचा ताशी आकडा ऐकताना एवढं ध्यानात ठेवावं की तो बहुतेक ठिकाणी विमान जागचं हललं की मोजायला लागतात, आणि मांडव टिकला तरच मोजतात. २०२० साली अर्धं जग एकदम फर्लोवर गेलं तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. थाई एअरवेजने बँकॉकमध्ये तळलेले पातोंगो विकले. मलेशियात नोकरी गेलेल्या एका कॅप्टनाने खाद्यपदार्थांचा ठेला टाकला आणि पांढरा गणवेश, खांद्यावरचे चार पट्टे, टोपी, वरून लाल एप्रन अशा थाटात करी नूडल्स वाढू लागला. गिऱ्हाइकांची रीघ लागली. लोक हसले, फोटो काढले. पण गणवेशाची ती युक्ती नीट पाहिली तर जाहिरातीपलीकडचं काही दिसतं. पट्टे उतरवून ठेल्यावर उभा राहिला असता तर तो नूडल्सवाला झाला असता. पट्ट्यांसह उभा होता तोवर तो तात्पुरता अडकलेला कॅप्टन होता. अमेरिकेत हेच काम यादीने केलं. सरकारी मदतीची मुदत संपताच अमेरिकन एअरलाइन्सने १ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे १९ हजार कर्मचाऱ्यांना फर्लोवर पाठवलं, त्यांत सुमारे सोळाशे वैमानिक. डिसेंबरात संसदेने पुन्हा पैसे दिले आणि त्यांना नंबरवार परत बोलावलं. याच काळात डेल्टाचे सुमारे अठराशे वैमानिक मुदतपूर्व निवृत्तीचे पैसे घेऊन उठले. दीड वर्षात प्रवासी परतले, विमानं परतली, वैमानिक कमी पडले. जो तळाचा म्हणून घरी बसला होता तो झपाट्याने वर सरकला, आणि हिशेबी माणूस म्हणून ज्याने क्षेत्रच सोडलं तो घर विकण्याच्या धंद्यात राहिला. आणखी गंमत पुढे: २०२३ मध्ये युनायटेडमध्ये कॅप्टनाच्या शेकडो जागा रिकाम्या पडल्या, घ्यायला कोणी तयार नव्हतं. उजव्या खुर्चीतला वरचा नंबर सोडून डाव्या खुर्चीत तळाशी, रिझर्व्हवर बसायचं? पोरांचे वाढदिवस कोण सांभाळणार? चार पट्टे समोर ठेवलेले असताना माणसं तीन पट्ट्यांवर समाधानी राहिली. यादीची किंमत पगारात मोजू नये याला यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

तेव्हा नोकरी बदलावी की नाही या प्रश्नावर अनुभवी वैमानिक जे सांगतात ते अगदी साधं असतं: जायचंच असेल तर लवकर जा, नोकरीच्या गावी राहा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. यात कंपनीचं नाव कुठेच नाही, कारण नाव ओळखण्यात सगळेच चुकले आहेत. तरुण मोजतो ते आपल्या पुढे किती जण आहेत. फर्लोने शिकवलेला माणूस मागे वळून मोजतो. संकटात उठवायला सुरुवात मागून होते, म्हणून आपल्यानंतर भरती झालेला प्रत्येक नवखा ही आपल्या पाटामागची एक जास्तीची भिंत असते. प्रौढ वैमानिक नव्या पोरांशी इतक्या मायेने का बोलतात याचं एक कारण हेही असावं. सगळ्या आणीबाणीची तालीम केलेला हा माणूस आपल्या नशिबापुरता मात्र पूर्णपणे दुसऱ्यांच्या भरवशावर असतो: पुढच्यांनी वेळेवर उठावं, मागच्यांनी येत राहावं. आणि सगळं सुरळीत झालं, कंपनी टिकली, लग्नं निभावली, फर्लो संपली, वाढदिवस झाले, तर तीस-पस्तीस वर्षांनी तो एका सकाळी यादीत पहिला येतो. हवं ते विमान, हवी ती फेरी, हवा तो नाताळ. फक्त यादीत पहिला येतो तो बहुधा पासष्टीला टेकलेला असतो. वाढपी पूर्ण पातेलं घेऊन त्याच्यापाशी पोचतो तेव्हा त्याची हात धुवायला उठायची वेळ झालेली असते. आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, रिझर्व्हवरचा कोणी पोरगा त्याच्या वाढदिवसाच्या तारखेवर समाधानाने टिकमार्क करत असतो.